मलम न लावता

नेरुळच्या त्या मुलीनं टॅटूचं मशीन थांबवलं आणि सरांना विचारलं, “सर, हिला दुखत नाहीये का?”

मी तिच्या समोरच आडवी पडले होते. माझा डावा हात तिच्यापुढच्या उशीवर होता. मलाही तोंड होतं. पण तिनं मला नाही विचारलं, सरांना विचारलं.

सर मोबाइल बघत होते. मान वर न करता म्हणाले, “नाही गं. दाब अजून, घाबरू नको. ह्या लोकांची कातडी जाड असते.”

बॅचमधली पोरं हसली. फार नाही, चहा पिताना कोणी काहीतरी बोललं की हसतात तेवढीच. मुलीनं दाबलं. सुई इतकी आत गेली की माझ्या पायाची बोटं आखडली. डोळ्यांत पाणी आलं. आणि मी पण हसले. सर चिडले तर शिकवणार नाहीत, ही एकच भीती होती तेव्हा डोक्यात.

‘ह्या लोकांची’ म्हणजे कोणाची, ते खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मी चौदा एप्रिलला जयंतीची सुट्टी मागितली त्या दिवसापासून सरांनाही कळलं होतं. त्याआधी मी नुसती दिघ्याची पोरगी होते.

वाशीला त्यांचा टॅटू स्टुडिओ होता. एसी, काचेचा दरवाजा, भिंतीवर मोठमोठे फोटो. मी तिथं साफसफाईला लागले. सुया टाकायच्या, बेड पुसायचा, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं, टॅटू झाला की त्यावर प्लास्टिक गुंडाळायचं. लहानपणापासून माझा हात चित्राला चांगला. वहीच्या मागच्या पानावर मी कायम काहीतरी काढत बसायचे. सर एकदा मागं येऊन उभे राहिले, बघितलं आणि म्हणाले, शिकायचंय का? कोर्सची फी आमच्या घराला झेपणारी नव्हती. तेच त्यांनी हेरलं. म्हणाले, फी नको देऊस. मुलांना प्रॅक्टिसला हात दे तुझा. बदल्यात मी तुला मशीन धरायला शिकवतो.

मला वाटलं, लॉटरी लागली. घरी पेढे नेले मी. पेढे! आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मग बॅचमागून बॅच आली आणि माझा डावा हात भरत गेला. कोणी गुलाब काढला, त्याचा कोबी झाला. कोणी नुसत्या रेघा मारल्या, सरळ यायला पाहिजेत म्हणून, त्या वाकड्याच आल्या. एकानं आपल्या मैत्रिणीच्या नावातलं पहिलं अक्षर काढलं आणि जेवायची सुट्टी झाली म्हणून तसंच सोडून गेला. कुठं कुठं सुई खोल जाऊन शाई आतल्या आत पसरली, तिथं कायमचा निळा डाग राहिला. खरकटी पाटी असते ना मोरीत पडलेली, कोणीही यावं आणि आपलं ताट तिच्यात झाडावं, तसा झाला होता माझा हात. मशीन मात्र मला कोणी धरू दिलं नाही. विचारलं की सर म्हणायचे, पुढच्या बॅचला बघू.

दुखतं कसं ते पण सांगते. लोक फार गोड बोलतात, मुंगी चावल्यासारखं वाटतं म्हणतात. घंटा! तव्याचा चटका बसलाय, आणि त्याच जागेवर कोणी खिळ्यानं ओरखडतंय, थांबतंय, पुसतंय, परत तिथंच ओरखडतंय, असं दुखतं. मनगटाच्या हाडावर तर दातांपर्यंत जातं.

आणि त्यावर उपाय होता. कपाटात मलमाच्या ट्यूब भरलेल्या होत्या. लावलं की जागा सुन्न होते. पैसे देऊन येणाऱ्या नाजूक गिऱ्हाइकांना ते मलम मीच चोळायचे, ह्याच हातांनी. मी एकदा माझ्यासाठी मागितलं. सर म्हणाले, मलमानं कातडी फुगते, मुलांना खरा अंदाज येत नाही. सरांचे स्वतःचे दोन्ही हात कोरे होते, बरं का. घरी पूजेला बसावं लागतं म्हणायचे. खांद्यावर तेवढा एक होता, शर्टाच्या आत.

घरी मी फुल बाह्या घालायचे. मे महिन्यात पण. माय बडबडायची, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मायच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, गावाकडचं. ती सांगते, लहान होते, नको नको म्हणून बोंबलत होते, बायांनी हातपाय धरून गोंदलं. मला तर कोणी धरलंही नव्हतं. मी आपणहून झोपत होते.

माझा बाप वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, कांद्याच्या गोण्या उचलतो. त्याच्या खांद्यावर मोठा घट्टा पडलाय. रविवारी मी त्यावर गरम तेल चोळते. त्या रविवारी तेल लागू नये म्हणून बाह्या वर सरकवल्या आणि विसरले. बापानं हात बघितला. माझं मनगट धरून उजेडात नेलं, उलटंपालटं केलं. कोणी केलं हे विचारलं. मी सगळं सांगितलं. सर काय म्हणाले तेही सांगून टाकलं, तोंडातून गेलंच.

मला वाटलं आता शिव्या बसतात. त्यानं माझं बोट धरून आपल्या घट्ट्यावर ठेवलं.

“ही जाड झालीया, पोरी. जन्मली नव्हती जाड. अन् आजूक दुखती. पर हिची मजुरी घेतो मी. तुज्या हाताची कुनी दिली?”

तेलाची वाटी थंड झाली. मी रडले, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. राग आला होता. सरांचा आला, त्या नेरुळवालीचा आला, आणि बेडवर पडून जी हसली होती तिचा, माझाच, तर सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी नवी बॅच होती, नेरुळवाली पण पुढचं शिकायला आलेली. सरांनी हाक मारली, चल गं, झोप, आज बरगडी करू. बरगडी म्हणजे सगळ्यात वाईट. नुसतं हाड आणि वर कातडी.

मी गेले. पण बेडवर झोपले नाही, बेड पुसला. नवीन सुई काढून मशीनपाशी ठेवली. हातमोजे घातले. मग म्हणाले, “सर, आज तुमी झोपा.”

त्यांना गंमत वाटली. हसले. मी म्हणाले, “तुमचा हात कोरा आहे. एकच रेघ मारते, मलम न लावता. जाड कोणाची ते मुलांना कळू दे.”

आता हसणं थांबलं. सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. म्हणाले, “लायकी बघ आपली. आत्ताच्या आत्ता बाहेर हो.”

मी हातमोजे काढले. त्या नेरुळवालीच्या समोर जाऊन उभी राहिले आणि बाही वर केली. तिनंच काढलेल्या वाकड्या रेघा होत्या तिथं. “मला विचारायचं होतंस,” मी म्हणाले. “दुखत होतं. पहिल्या दिवसापासून दुखत होतं.” तिनं मान खाली घातली. सॉरी म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं बहुतेक, पण मला ते नको होतं. मी दरवाजा ढकलून निघून आले.

त्यानंतर माझ्या बापानं मार्केटातून डागाळलेले, कोणी न घेतलेले भोपळे आणायला सुरुवात केली. ओळखीतून एक जुनं मशीन मिळालं. मी भोपळ्यावर शिकले. रेघ, गोल, अक्षरं, सगळं भोपळ्यावर. साल काढून माय त्याचीच भाजी करायची, घरात सगळे वैतागले होते भोपळ्याला. पण मला एक गोष्ट कळली. भोपळ्यावर शिकता येतं! बाजारात भोपळ्यांना काय तोटा होता? तरी त्या लोकांना माझाच हात लागत होता.

मग मी माझ्या मांडीवर शिकले. दुखलं. तेवढंच दुखलं. पण थांबायचं कधी, ते मी ठरवत होते.

आज रबाळ्याला स्टेशनजवळ एका मावशीच्या ब्युटी पार्लरमध्ये मागचा अर्धा भाग माझा आहे. कंपनीतली पोरं येतात, नव्या नवऱ्या येतात, आईचं नाव काढून घ्यायला रिक्षावाले येतात. सगळे एकच विचारतात, ताई, दुखेल का, आणि एवढं सोसून फायदा काय? मी खरं सांगते. दुखेल. मलम लावू का ते आधी विचारते. आणि दुसऱ्या कोणासाठी काढत असशील तर घरी जा म्हणते. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

माझा डावा हात मी झाकलेला नाही. त्या वाकड्या रेघा, तो कोबी, ते अर्धवट अक्षर, सगळं तसंच ठेवलंय. फक्त त्या सगळ्याच्या वर, कोपरापासून मनगटापर्यंत, मी माझ्या उजव्या हातानं एक ओळ लिहिली. ठसठशीत, सरळ, एकही रेघ हललेली नाही. ‘ह्या लोकांची कातडी जाड असते.’ शेवटचं अक्षर मनगटाच्या हाडावर आलं. लई दुखलं. मावशी म्हणाली, अगं मलम तरी लाव. नाही लावलं.

गिऱ्हाईक वाचतंच. वाचलं की विचारतंच, हे कोण म्हणालं? मी सांगते. पूर्ण नावानिशी सांगते. एकीनं माझ्या हाताचा व्हिडिओ टाकला, तो बराच फिरला. सरांची एक बॅच भरलीच नाही असं कानावर आलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या. काही लोक म्हणतात, एवढा डूख बरा नव्हे, सोडून दे. त्यांचे हात बघा, कोरे असतात.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाजात साखर. म्हणाले, तुझा गैरसमज झालाय, मी सहज बोललो होतो. मग म्हणाले, “ये ना स्टुडिओत. तो हात मी स्वतः झाकून देतो, छान डिझाइन काढून. पैसे नको. मलम लावून करू, तुला कळणार पण नाही.”

मला मलम द्यायला निघाला होता तो. आता.

मी म्हणाले, “सर, तुमीच या रबाळ्याला. बाही वर करून बसा. हीच ओळ तुमच्या हातावर काढते, खाली तुमचं नाव टाकून.” फोन कट झाला.

शाई कायमची म्हणतात, पण ती फिकी पडते. ऊन लागतं, घासलं जातं, अक्षरं धुरकट होतात. तो त्याचीच वाट बघत असणार. बघू दे. अक्षरं फिकी पडली की मी परत मशीन लावणार, त्याच जागेवर, मनगटाच्या त्याच हाडावर, मलम न लावता. आणि कोणी विचारलं हे कोण म्हणालं, तर नाव सांगणार, स्टुडिओ सांगणार, वाशीतली गल्ली सांगणार, कितव्या मजल्यावर ते पण सांगणार.