गालाला लावलेला आंबा

आमच्या शेजारची वैनी आढीतला आंबा गालाला लावून बघायची. बाकीचे बोटांनी चाचपतात, वास घेतात, ही गवतातून फळ काढणार, गालाशी धरून डोळे मिटणार आणि सांगणार, "हा उद्या. आज कापलात तर माझ्या नावानं ओरडू नका." आम्ही हसायचो. बोटांना काही कळेनासं झालंय म्हणून ती असं करते, हे कुणाच्या ध्यानात यायला!

पुढे पायही गेले. मुंबईला दाखवलं तेव्हा नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच आपल्या नसांवर उठतात म्हणे. वैनी म्हणाली, "म्हणजे बागेतला राखणदारच कोयता घेऊन कलमांवर सुटला की हो, काकू!"

तेव्हापासून ती पडवीतल्या खुर्चीवर. समोर चिऱ्याच्या पायऱ्या, त्यापलीकडे सगळं जग. कुणी उचलून उतरवील तेव्हाच अंगण. "तुळस तरी दुसऱ्या कुंडीत लावता गो, मला कोण हलवतंय?" म्हणायची नि हसायची. आपल्याला मात्र हसू येत नसे.

मुंबईच्या डॉक्टरांनी स्टेम सेलचा उपचार सुचवला. तिच्याच मूळ पेशी काढून ठेवायच्या, जालीम औषधांनी बिघडलेली राखण पुसून टाकायची, मग त्या पेशी परत सोडायच्या. "रोग थांबेल अशी आशा आहे. पाय परत येतील असं धरू नका. जिवाला धोकाही आहे." दुसऱ्या एका दवाखान्यानं फोनवरच सांगितलं, आमचे स्टेम सेल टोचून घ्या, बाई चालत घरी जातील. तिचा नवरा भाऊ तिकडेच झुकला. ग्रामदेवीला कौल लावला, उजवी कळी पडली, म्हणजे होकार. पेढे घेऊनच घरी आला.

"काय विचारलंत देवीला?"

"तू चालशील का."

"आणि मला काय हवंय ते? हल्ली हनुवटी बधिर वाटते. गाल जायच्या आत हे थांबवा, एवढंच. देवीला विचारायचं तर माझा प्रश्न विचारा हो!"

भाऊनं पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवून दिला. पुन्हा कौल लावायला काही तो गेला नाही. मुंबईच्या त्या डॉक्टरांकडे जायला गाडी तेवढी ठरवली.

बरेच दिवस इस्पितळातल्या काचेआडच्या खोलीत काढून वैनी परतली. केस गेलेले. खुर्ची तीच, पायऱ्या त्याच.

पुढच्याच मे महिन्यात मी मुलाकडे पुण्याला कायमची निघाले. निरोप घ्यायला गेले तर तिनं आढीतला आंबा मागवला, गालाला लावला. बराच वेळ लावून बसली. माझा जीव टांगणीला.

"हा परवा," ती म्हणाली.

तो पुण्याला नेला, तिनं सांगितलेल्या परवाला कापला. बरोब्बर झाला होता.