केस परत आले तेव्हा
कपाट आवरताना फिक्या हिरव्या रंगाचा सुती रुमाल हाती आला आणि मोहाडीची माझी नणंद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, आठवली. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेताना ती तो डोक्याला बांधायची. केमो संपल्यावरही दर तीन आठवड्यांनी मी तिला नागपूरला एका वेगळ्या औषधासाठी नेत असे, आणि एकदा खुर्चीत बसल्यावर तिने हात पदराखाली ओढून घेतला. "वहिनी, केस येऊन राहिले माह्ये. औषध असतं तर आले असते का? साधं पाणी चढवून राहिले तुम्ही मले." मी फाईल उघडून सांगितलं, की तुझ्या गाठीच्या पेशींवर त्यांना वाढायला लावणारं एक प्रथिन फार आहे; हे औषध नेमकं त्यालाच चिकटतं, केसांच्या वाटेला जात नाही. "गाठ साधी आहे, हेबी तुम्हीच वाचून सांगतलं होतं," ती म्हणाली. नर्स सुई घेऊन ताटकळली होती आणि डोस चुकेल अशी भीती मला वाटू लागली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतली आंबागडची बाई म्हणाली, "मलेबी हेच लावते, बाई," आणि पदर सारून तिने डोकं पुढे केलं. नणंदेने तिच्या बोटभर केसांतून हात फिरवला, एक केस हलकेच ओढूनही पाहिला, मग आपला हात नर्सपुढे केला. माझ्याकडे मात्र ती सलाईन संपेपर्यंत संशयानेच पाहत होती. गाठीचा तो पहिला रिपोर्ट मी तिला मुद्दाम खोटा वाचून दाखवला होता, तिच्याच काळजीपोटी. आज वाटतं, तिच्या जागी मी असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.