हाकललेल्या प्रोग्रामांची वही

अत-बाशी गावचा शार्शेन चाळीस वर्षं गुरांचा डॉक्टर होता, आणि त्या चाळीस वर्षांत निर्धास्त असा एक दिवस त्याने काढला नाही. आता बघा, एकदा बर्फातून दोन कोस चालत घरी पोचल्यावर त्याला शंका आली, की सुई आजारी गाईला टोचली की शेजारच्या धडधाकट गाईला? चहा न घेताच माघारी गेला. सुई बरोबर गाईलाच टोचली होती. मालक म्हणाला, "डॉक्टर, गाय उठली. आता एक सुई तुम्ही स्वतःला टोचून घ्या." तेव्हापासून त्याने वही ठेवली. कुठलं जनावर, काय केलं, कधी केलं, सगळं त्यात.

अशा माणसाच्या वाट्याला नातीचं नाव ठेवायचं आलं, आणि तेही संगणकावरून.

मुलगा तालाय दूर परदेशी, ओम्स्क शहरात. तिथे त्याला मुलगी झाली. घरातल्या वडीलधाऱ्याने बाळाच्या कानाशी अजान द्यायची आणि तीनदा नाव सांगायचं, ही त्यांच्याकडची रीत. शार्शेनने आपल्या आईचं नाव ठरवलं होतं, बेगायम. शुक्रवारी अकरा वाजता पाहुणे जमायचे होते. पण तालायचे सासरे नुरदीन तिथेच हजर, आणि त्यांच्या मनात डायना हे नाव. बारा वाजता सगळ्यांना मशिदीत निघायचं; तोवर आजोबांचा आवाज पोचला नाही, तर नाव नुरदीन सांगणार.

वाऱ्याने मोबाईलचा मनोरा आडवा केलेला, त्यामुळे गावात फोन बंद. घरात आलेली इंटरनेटची तार तेवढी शाबूत.

बुधवारी त्याने संगणकावर व्हिडिओ कॉलची चाचणी घेतली. तालायचा चेहरा दिसला आणि तोंड उघडं असतानाच गोठला. कोपऱ्यातून बातम्यांनी डोकं काढलं, मागोमाग हवामान आलं, मग मिठाया फोडायचा एक खेळ "मला ताजं करा" म्हणून हटून बसला. यांतलं काहीही शार्शेनने आणलं नव्हतं. यंत्राबरोबरच आलं होतं.

शेजारची उल्पत शाळेत संगणक शिकवायची. ती आली, बघून हसली. थोरल्या माणसाला तिकडे 'बायके', म्हणजे दादा, म्हणतात.

"बायके, तुमच्या घरात यजमान एक आणि पाहुणे चाळीस! तुमच्या म्हाताऱ्या यंत्राला श्वास कुठून मिळणार?"

"मी तर काल तीन काढले. आज परत आले!"

"नुसते तुमच्या खात्यातून काढलेत ना? मूळ साठ्यात त्यांची प्रत राहते. यंत्र अपडेट झालं की तिथून परत येतात. कचेरीतल्या आवृत्तीत त्यांना एका कुलपात बंद करता येतं. ही घरगुती, हिला ते कुलूप नाही. दोन्ही जागांहून काढायचे."

तिने काळी खिडकी उघडून आज्ञा कशी लिहायची ते दाखवलं. बातम्या, हवामान, खेळ, दुकान एकेक करून गेले. शार्शेनने वहीत ओळी टाकल्या. जाताना उल्पत म्हणाली, "आता पुरे. आणखी कशाला हात लावायचा तर नाव नीट वाचा, आणि मला विचारा."

ती गेली आणि शार्शेनला चैन पडेना. एखादा लपून राहिला असला तर? ऐन नावाच्या वेळी वर आला तर? कुरणात कळप मिसळले की कानावरची खाच बघायची, आपली नसेल ते मेंढरू बाहेर काढायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. यंत्रातलं काय काय वापरू द्यायचं, त्या परवानग्यांच्या पानावर बटणांची लांबच लांब रांग होती. मी आणलेलं नाही, मग माझं नाही. त्याने सगळी बंद केली, एकेक ओळ वहीत लिहीत.

"अहो, उल्पतला विचारा ना," बुरुल, त्याची बायको, म्हणाली.

"मेंढरं ओळखायला मला मास्तरीण लागते का?"

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना तो टोपी घालून बसला. बरोबर अकराला ओम्स्क उजळलं. चित्र स्वच्छ, कुठे अडकेना! जेवणाच्या दस्तरखानावर मांस, तालायच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली पोर. शार्शेनचे डोळे भरले. त्याने सलाम केला.

"बाबा? बाबा, आहात ना? काळोख दिसतोय आणि आवाज नाही."

शार्शेन ओरडला. बुरुल ओरडली. अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. ओम्स्कला काही पोचलं नाही.

त्याने एका बोटाने लिहिलं: मी आहे. थांबा.

"थांबतो की," नुरदीन हसत म्हणाले. "पण व्याही, नाव लिहून कानात कसं घालायचं? आणि मशीद थांबत नाही हो!"

उल्पत वर्गावर, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. अकरा वीस. शार्शेनने तार काढून लावली, यंत्र बंद करून चालू केलं. ओम्स्क परत आलं, आवाज नाहीच. अकरा चाळीस. तो पुन्हा तार काढायला वाकला.

"वही कुठाय तुमची?" बुरुल म्हणाली. "जनावर बिघडलं की आधी ती उघडायचात."

वही! त्याने चष्मा पुसून ओळींवरून बोट फिरवलं. ठिकाण सांगणारा, हाकलला. कॅलेंडर, हाकललं. सोळावी ओळ, कॅमेरा. सतरावी त्याच्याच अक्षरात: "मायक्रोफोन. कोणाचा, माहीत नाही. हाकलला."

"बुरुल, मी माझंच मेंढरू बाहेर काढलं गं."

पान सापडेपर्यंत बाराला आठ कमी. पडद्यावर नुरदीन उठले, त्यांनी बाही सारखी केली, पोरीकडे हात पुढे केले. शार्शेनने बटण दाबलं. ते निळं झालं.

"थांबा!"

ओम्स्कला सगळे दचकले. पोर रडायला लागली.

"आला की आवाज! पण बाबा, तुम्ही दिसत नाही अजून," तालाय म्हणाला.

"कॅमेरा शोधत बसायला वेळ नाही. पोरीचा कान इकडे कर."

तालायने तिला पडद्याशी धरलं. शार्शेनने अजान दिली, एक डोळा कोपऱ्यावर ठेवून. कोपरा रिकामाच होता. "तुझं नाव बेगायम," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा पोरीचं रडणं थांबलेलं होतं.

"बेगायम," नुरदीन पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाले, आणि टोपी घालून निघाले.

शार्शेनने कपाळ पुसलं. मग पेन घेतलं, सतराव्या ओळीवर काट मारली आणि बाजूला लिहिलं: आपला. अकरा त्रेपन्नला परत आणला.

"बुरुल," तो म्हणाला, "मी बेगायमच म्हणालो ना? तिन्ही वेळा?"