अडतीस नंबरचा बिल्ला

माझ्याकडे सगळ्याची यादी असते. किराण्याची, गॅस सिलेंडर कधी लावलं त्याची, कोणाच्या लग्नात कोणतं पातळ दिलं त्याची, मी गेल्यावर कोणाकोणाला फोन करायचा त्याचीसुद्धा. ही एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नाही. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही — तिथं मी हात जोडते आणि निघते. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही डॉक्टरांना ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचे महाल भागातले डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी गेले. शोकसभेला हॉल भरून लोक रस्त्यावर उभे होते. त्यांच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं नंबर लावायचं काम केलं. आलेल्याचं नाव वहीत लिहायचं, हातात पत्र्याचा बिल्ला द्यायचा — पिवळ्या रंगावर काळा आकडा, एक ते साठ — आणि क्रमानं हाक मारायची. डॉक्टर कोणाचाही नंबर मोडत नाहीत, ही त्यांची ख्याती. पुढारी असो की हमाल, बाकावर बसायचं. सभेत जो तो हेच बोलला. मीही बोलले. स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दिली, सर्वांत आधी.

मग त्यांची मुलगी बोलायला उठली. शाळेत असताना ती जिन्यावरून पडली, गुडघा फुटला, आणि तिचे बाबा खाली तीस पेशंट सोडून धावत वर आले, अर्धा तास तिला मांडीवर घेऊन बसले. लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. ती तीस माणसं अर्धा तास थोपवून धरणारी मीच होते ना — आणि त्याच्या चारच महिने आधी माझे वडील त्याच बाकावरून खाली घसरले होते.

हे सांगितलं की सारवासारव केल्यासारखं होतं. पण न सांगता पुढचं कळणार नाही.

बाबा उमरेडच्या विणकरांपैकी. माग सुटल्यावर महालात एका कापड दुकानात गाठोडी बांधायचे. एके दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले, घामानं डबडबलेले. ‘छातीत जड वाटून राहिलं वं,’ म्हणाले. मी वहीत नाव लिहिलं. नंबर चोवीस. तेव्हा आत दहावा होता. मी पडदा सारून डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. ‘नंबर येऊ दे. तुझ्याच माणसाचा मोडला, तर उद्या तुझं कोण ऐकेल?’

मी बाहेर येऊन बसले.

एकोणिसावा आत असताना बाबा घसरले. मग मात्र डॉक्टर अनवाणी धावत आले, छाती दाबली, स्वतःच्या गाडीतून नेलं. दोन दिवसांनी सगळं संपलं. डॉक्टर घाटावर आले, शेवटपर्यंत उभे राहिले. केवढा माणूस, म्हणाले लोक. नंबराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा नाही, पुढं कधीच नाही.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. का गेले? घर चालवायचं होतं, हे झालं एक. दुसरं असं की मला त्यांच्याजवळच राहायचं होतं. बाकावरचा माणूस बसतो तसं — माझा नंबर कधी ना कधी येणार होता.

तो यायला बारा वर्षं लागली.

डॉक्टरांना एक थोरली बहीण होती, पारशिवनीला. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलेलं. तिनं आपल्या मुलीचं लग्न डॉक्टरांना न विचारता ठरवलं, डॉक्टर लग्नाला गेले नाहीत, आणि ‘तुझ्या घराची पायरी चढणार नाही’ म्हणून ती जी तुटली ती तुटलीच. हट्टी दोघंही. पण डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली तिचा फोटो होता. भाऊबिजेला सगळं महाल बंद असताना ते दवाखाना उघडून बसायचे. पेशंट एक नाही. दर तासाला मला विचारायचे, ‘पारशिवनीहून कोणी आलं का गं?’ ते वाट पाहत होते, हे घरच्यांना माहीत नसेल. मला माहीत होतं.

आणि एके दिवशी ती आली. गणपती नुकतेच गेले होते. साडेअकराला एक म्हातारी टेबलाशी उभी राहिली — तेच नाक, तीच हनुवटी. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी बिल्ला दिला.

‘अडतीस? बाप्पा! एवढे बिमार हायत महालात?’ मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, ‘तुमचा हा डॉक्टर लहानपणी औषधाची गोयी पाहून खाटेखाली लपे, माहीत हाय का तुले? मी आली म्हणून सांगू नको हं आतमंदी. नंबर आला का जाईन. पाहू, मले वयखते का!’

ती बाकावर बसली. बाबा बसायचे त्या बाजूला नाही, दुसऱ्या. तरी मी पाहत राहिले. किती खुशीत होती! सगळ्यांशी बोलत होती, बिल्ला पदराला पुसत होती.

दवाखाना दोनला बंद व्हायचा, पण बाहेर कोणी उरलेलं असलं तर डॉक्टर त्यांना बघूनच उठायचे. पावणेदोनला पस्तिसावा बाहेर आला. तीन माणसं उरली होती. मी पडदा सारून आत गेले आणि म्हणाले — अगदी रोजच्या आवाजात — ‘बाहेर आता कोणी नाही.’

डॉक्टर मागच्या जिन्यानं वर जेवायला गेले.

छत्तीस आणि सदतीस शेजारच्याच गल्लीतले, संध्याकाळी येतो म्हणून गेले. ती उठेना. मी म्हटलं, आज वेळ संपली, सहाला या, नंबर तुमचाच राहील.

‘सांजच्याले गाडी जाते वं माई. घरी चष्म्याचं निमित्त सांगून आली मी.’ तिनं पडद्याकडे बोट केलं. ‘एक डाव आत सांगून पाहाय ना.’

‘नंबर मोडता येत नाही,’ मी म्हणाले.

तिनं बिल्ला माझ्या हातात ठेवला. ‘त्याले सांगजो, ताई येऊन गेली. घराची नाही, दवाखान्याची पायरी चढली म्हणा. आता त्यानं यावं.’

‘सांगते,’ मी म्हणाले.

वाईट वाटलं का? नाही. मी दुपारी डबा खाल्ला, पोटभर. मग वहीतलं ते पान फाडलं आणि सगळी नावं पुन्हा लिहून काढली, सदतीसपर्यंत.

दीड महिन्यानं भाऊबीज आली. डॉक्टर बसले. ‘पारशिवनीहून कोणी आलं का गं?’ मी वहीतून मान वर केली नाही. म्हणाले, ‘नाही.’ त्या दिवशी त्यांनी ते चारदा विचारलं. मी चारदा म्हणाले.

माघात ती गेली. फोन दवाखान्यातच आला. डॉक्टर म्हणाले, ‘एकदा यायला हवं होतं तिनं.’ मला ते ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू? बारा वर्षं मला तेच ऐकायचं होतं — त्यांच्या तोंडून, तसल्या आवाजात.

तिचा विचार मी पुष्कळ उशिरा केला. भावाला निरोप मिळाला आणि तरी तो आला नाही, असं समजून ती गेली. तिनं माझं काय केलं होतं? आणि दुसरं — दहावा बाहेर आल्यावर मी बाबांनाच आत सोडू शकत होते. वही माझ्या हातात होती. कोणी अडवलं असतं? पण मला माझी वही नीट हवी होती. हेही मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि माहीत असूनही माझा राग डॉक्टरांवरच आहे. ते गेले तरी आहे.

सभेत फोटोपुढे मुलीनं ते सगळे बिल्ले ओळीनं मांडले होते. मधे एक जागा रिकामी. ‘कोणी पेशंटनं आठवण म्हणून नेला असेल,’ ती म्हणाली, आणि लोक हसले. मीही मान हलवली. तो माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

डॉक्टरांनी मला एकदाच विचारलं होतं, अडतीस कुठं गेला. हरवला, मी म्हणाले. त्यानंतर दवाखाना बंद होईपर्यंतची सहा वर्षं, जेव्हा जेव्हा तेवढे पेशंट आले, तेव्हा मी सदतीसनंतर एकोणचाळीसला हाक मारली. मोठ्यानं. पडद्याच्या आत ऐकू जाईल अशी.