शिंकणाऱ्यानं बाहेर थांबावं

आमचे मालक बन्सीधरराव सेलूच्या जिनिंगवर तीस वर्षं कापसाचा काटा बघून घरी बसले. बसले म्हणजे नुसतं म्हणायचं. दुसऱ्याच महिन्यापासून पळायलेत. पाथरी रोडनं रोज पंधरा-वीस किलोमीटर, चड्डीवर, या वयात. वर सगळ्या गल्लीला शहाणपण: "मला बिमारी शिवत न्हाई. पळणाऱ्याचं रक्तच येगळं."

खोटं कशाला बोलू, सहा वर्षांत साधं पडसंबी झालं न्हाई. तिथंच डोक्यात हवा गेली.

औंदा आमच्या लेकीला, राजनंदिनीला, लग्नानंतर नऊ वर्षांनी पोरगी झाली. बाळंतपण आमच्याकडंच. यांनी दारावर पाटी लावली: 'शिंकणाऱ्यानं बाहेर थांबावं.' माझा भाऊ दत्तराव पोखर्णीहून नरसिंहाचा अंगारा घेऊन आला, उंबऱ्यात एकदा शिंकला, तर त्याला पाणीसुद्धा न पाजता माघारी लावला. वर म्हणतात, "तुमी तंबाखूवाले, तुमच्या अंगात ताकदच न्हाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंगळवारी बारसं ठरलं. "पोरीला पाळण्यात मीच घालणार," असं यांनी आधीच बजावून ठेवलं. बायकांच्या कार्यक्रमात यांचं काय काम, पण नऊ वर्षं वाट बघितली होती माणसानं.

अन् रविवारी गेले परभणीला, बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीला. मी म्हणलं, बारसं होऊ द्या, मग कुठंबी पळा. "मला काय होतंय?" मेडल घेऊन, घामानं चिंब, तसेच रेल्वेच्या गर्दीत चेंगरून आले. सोमवारी घसा धरला. डॉक्टर म्हणले, "काका, रोजचं बेताचं पळणं चांगलंच हाय. पण जीव तोडून एवढं पळाल्यावर एक-दोन दिवस अंगाची ताकद उतरू शकती. त्यात ती गर्दी. बाळाजवळ जाऊ नका." अति तिथं माती, हे मी सहा वर्षं सांगायले होते.

तरी मंगळवारी इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात मेडल अडकवून आले, अन् बरोबर पाटीखाली शिंकले. मीच पाटीकडं बोट दाखवलं.

पोरीला पाळण्यात घातलं दत्तरावानं. राग गिळून आला होता बिचारा. मला लय बरं वाटलं, अन् अंगणात उभ्या मालकाचं तोंड बघून वाईटबी वाटलं.

दत्तरावच पोरीला घेऊन खिडकीशी गेला. यांनी गजातून हात घातला. बोट तिच्या मुठीला लागणार, तोच दुसरी शिंक आली. यांनी तोंड फिरवलं, हात काढून घेतला, अन् बाहेरून आपल्याच हातानं खिडकी लावून टाकली.