ब्रेकवर क्लिक, वायपर हजर
गाडीचा वायपर काचेवर फिरू लागला की मला सिरुसेरीच्या आयटी पार्कमधली ती एसीने गारठलेली मीटिंग रूम आठवते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही केलेल्या वेबसाइटचा डेमो होता. यादीतल्या ज्या भागावर क्लिक कराल त्याचा तपशील शेजारी दिसायला हवा. पण कशावरही क्लिक केलं तरी यादीतला शेवटचा वायपरच उघडत होता. आमच्या मॅनेजरला जावास्क्रिप्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐट केवढी! कारखान्याचे साहेब म्हणाले, "ब्रेक दाखवा." वायपर उघडला. हा निर्लज्ज माणूस हसून म्हणाला, "सर, ब्रेक घेणाऱ्याला वायपरही लागतोच. खास सोय आहे." साहेबांनी चक्क मान डोलावली. असल्या थापाड्यांची मला आजही किळस येते. कोडमधली ती चूक माझी होती, आणि त्याच संध्याकाळी मॅन्युअलमध्ये 'खास सोय' म्हणून ती लिहिली, तीही मीच.