दाखल आणि बाद

प्रिय रोहन आणि इरा,

मागच्या आठवड्यात रोहनने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. लिंबाच्या बिया चघळल्या की चष्म्याचा नंबर जातो. मी खाली लिहिलं, "बाद." मग रोहनने आईला विचारलं म्हणे, आजी चिडली का? चिडले नाही. तो शब्दही माझा नाही, आमच्या आंजी गावच्या वाचनालयातल्या बाईंचा आहे. तुम्हाला मराठी वाचता येतंय तोवर त्यांच्याबद्दल लिहून ठेवते.

बाई म्हणजे ग्रंथपाल. गावात मास्तरीण बाई, नर्सही बाई, मी इंग्रजी शिकवायची म्हणून मॅडम. पण नुसतं "बाई" म्हटलं की याच. दुसऱ्याने सांगितलेली कोणतीही गोष्ट त्या आहे तशी घेत नसत. आज बाजार भरणार नाही म्हटलं, तरी चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कोन म्हनते?" लग्न केलं नव्हतं. त्यावरही त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "स्थळं आली होती. तपासली."

नवं पुस्तक आलं की त्यावर 'दाखल' असा शिक्का बसे. फाटलेलं, पानं गेलेलं पुस्तक निघालं की 'बाद'. हे दोन शिक्के त्यांनी जन्मभर मारले. पुढे वाचक येईनासे झाले. पेपर वाचणारे म्हातारे एकेक करून गेले आणि पोरं मोबाईलवर बसली. तेव्हा बाईंनी मोबाईल घेतला, शिकून घेतला आणि 'वाचनालय परिवार' नावाचा ग्रुप काढला. "लोक येत नाई तं वाचनालयच लोकाइकडे जाईन," म्हणाल्या. त्यांना एकच हवं होतं. गावात अशी एक तरी जागा असावी, जिथे आलेलं विश्वासाने घेता येईल.

ग्रुपवर लोक जे टाकत, त्याखाली बाई शिक्का मारत. पाणी दोन दिवस येणार नाही: "दाखल. ग्रामपंचायतीत विचारलं." पपईच्या पानांनी साखर मुळापासून जाते: "बाद." बोलताना त्या आपल्या वऱ्हाडीत बोलत, पण लिहीत शुद्ध. शेवटी पूर्णविराम असे. तो पूर्णविरामच लोकांना जास्त लागायचा.

विलासला तर फारच लागला. विलास म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक लावतो आणि पहाटे वर्ध्याच्या बाजारात नेतो. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने बायकोवर एक कविता टाकली, खाली स्वतःचं नाव. सासुरवाडीचे लोकही ग्रुपवर होते. सगळे वा वा करत असताना बाईंनी लिहिलं: "बाद. मूळ कविता कपाट तीनमधल्या पुस्तकात आहे. बायकोवर प्रेम स्वतःच्या शब्दांत करावं."

मी त्यांना म्हटलं, "बाई, हे त्याला एकट्याला सांगता आलं असतं."

"त्यानं एकट्यात चोरली असती तं एकट्यात सांगतलं असतं," बाई म्हणाल्या.

दया त्यांच्याकडे नव्हती. मग लोकांनी तरी कुठून आणावी? विलासने बाईंच्या चेहऱ्याचा स्टिकर बनवला. चष्मा, आवळलेले ओठ आणि कपाळावर गोल लाल शिक्का: 'बाद'. गावाला तो फार आवडला. कुणाची भाकर करपली, टाक बाई. पोरगा क्रिकेटमध्ये आउट झाला, टाक बाई. एकीने तर सासूच्या फोटोखाली टाकला. बाईंनी लिहिलं, "फोटो बरा आहे. वापर चुकीचा आहे."

मग एका चतुर्थीला बाई केळझरच्या गणपतीला गेल्या. वाचनालय बंद दिसलं म्हणून कुणीतरी ग्रुपवर विचारलं, "आज बंद काऊन आहे?" शेजारणीने दोनच शब्द लिहिले: "बाई गेल्या."

आपल्या भाषेत या दोन शब्दांचा काय अर्थ होतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाच मिनिटांत हारांची चित्रं, समया, भावपूर्ण श्रद्धांजली. 'वाचनसंस्कृतीचा दीपस्तंभ हरपला,' असंही आलं. मी फोन लावला तर बाई टेकडी उतरत होत्या. "थांबा, पाह्यतो," म्हणाल्या. क्षणभरात सगळ्या हारांखाली त्यांचा शब्द उमटला: "बाद."

गाव पोट धरून हसलं. माफी कुणी मागितली नाही.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. चहाला हात लावला नाही.

"मॅडम, विलासनं कायतरी लिहून मिटवलं. तुमी वाचलं होतं?"

वाचलं होतं. बाईंसमोर खोटं टिकत नसे, म्हणून सांगितलं. "त्यानं लिहिलं होतं: चला, बाई बाद झाल्या. आता काईबी टाका."

बाईंनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "तेवढं एकच दाखल. बाकी साऱ्याइनं दुसऱ्याचे हार पुढे ढकलले. यानं सोताचं लिहिलं." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "शिकला म्हना."

त्यानंतरही त्या रोज शिक्का मारत होत्या. फक्त कारण लिहिणं बंद केलं.

दिवाळीनंतर एका सकाळी बाई उठल्याच नाहीत. नाचणगावहून दिवाळीला आलेली त्यांची भाची अजून घरीच होती. तिला इथे कुणी ओळखीचं नव्हतं. कळवायचं कुणाला, म्हणून तिने मावशीचाच फोन उघडला आणि ग्रुपवर लिहिलं: "बाई गेल्या. दुपारी नेणार."

बाईंच्याच नंबरवरून बाई गेल्या! पहिलं उत्तर विलासचं: "केळझरले का?" मग कुणी लिहिलं, "बाई, आता तुमी बी फेकाले लागल्या." मग स्टिकर. एकामागून एक बाईंचाच चेहरा, कपाळावर 'बाद'. मी पोचले तेव्हा फोन बाईंच्या उशाशी होता आणि वाजतच होता. भाचीने तो माझ्यापुढे धरला.

"काकू, हे लोक हासून काऊन राह्यले?"

मी माझा फोन काढला आणि तिच्या ओळीखाली लिहिलं: "दाखल." पूर्णविरामासकट.

फोन वाजायचा थांबला. जोडलेले हात, समई, हार, काहीच आलं नाही. हसलेलं मात्र बऱ्याच जणांनी मिटवलं.

दुपारी मोजकीच माणसं आली. बाजारातून परतलेला विलास चिखलाच्या पायांनी फाटकाशी उभा होता. "मॅडम, मले वाटलं त्या गंमतच..."

"बाईंनी कधी गंमत केली होती?" मी विचारलं.

त्याने खांदा दिला. पूर्ण वाट दिला, बदलू दिला नाही. तरी मी त्याच्याशी अजून बोललेले नाही.

वाचनालयाला कुलूप आहे. ग्रुप चालू आहे. स्टिकर अजून फिरतो, आणि आता आलेल्या सुनांना तो कुणाचा चेहरा आहे हे माहीत नाही. आणि त्या ग्रुपवर रोज सकाळी, चहा झाल्यावर, मी बाद लिहिते.